होमस्टेड रोडच्या अलीकडे ४०, पलीकडे ४५ : आईंची खोली बसवायची कशी?

पारिजातक
रविवार, रात्री १०:१०

नमस्कार मंडळी. कॅलिफोर्नियाच्या बे एरियात घराला खोली वाढवलेल्यांचा सल्ला हवा आहे, म्हणून हा धागा.

आम्ही सनीवेलमध्ये राहतो, होमस्टेड रोडपासून चालत पाच मिनिटांवर. रस्ता ओलांडला की क्युपर्टिनो. माझ्या सासूबाई आता कायमच्या आमच्याकडे आल्या आहेत. गेल्या वर्षी त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून वॉकरशिवाय चालता येत नाही. खालच्या मजल्यावर खोल्या आहेत, पण घर १९५० च्या दशकातलं. बाथरूमचं दार जेमतेम दोन फुटांचं, आत वॉकर वळत नाही. रात्री त्यांच्याजवळ कुणीतरी झोपावं लागतं आणि दोन पलंग मावतील अशी एकही खोली नाही. म्हणून मागच्या बाजूला मोठं बाथरूम धरून ३२० चौ. फुटांची एक खोली काढायचं ठरवलं.

नकाशा काढणाऱ्याने सांगितलं, "सनीवेलमध्ये ४५ टक्के जागा झाकता येते, तुमचं आरामात बसतंय." आम्ही निर्धास्त झालो. अर्जाआधी नकाशा तपासून घेतला तेव्हा कळलं की ४५ टक्के एकमजली घराला, दुमजलीला ४०. आमच्या आधीच्या मालकांनी वर दोन लहान खोल्या चढवल्या होत्या, त्यामुळे आम्ही दुमजली.

आकडे असे आहेत. प्लॉट ६० बाय १००, म्हणजे ६,००० चौ. फूट. तळमजल्याचं घर १,५००, गॅरेज ४२०, पुढचा पोर्च ६०, मागचा छपराचा पॅटिओ २४०. वरचा मजला ४६०. छपराखालची जमीन आजच २,२२० झाली. मर्यादा २,४००. उरले १८० आणि हवेत ३२०.

रस्त्यापलीकडच्या मैत्रिणीचं घर आमच्यासारखंच आहे. तिने एवढीच खोली काढली आणि तिला काहीच अडचण आली नाही. माती तीच, पाऊस तोच, मग फरक का? आणि आमच्यापुढे मार्ग काय?


निवांत
रविवार, रात्री १०:५२

बाथरूमचं दार रुंद करून तिथेच पायरी नसलेला शॉवर केला तर? आम्ही वडिलांसाठी तेच केलं. आच्छादनाचा प्रश्नच येत नाही.


पारिजातक
रविवार, रात्री ११:०५

आधी तेच बघितलं, निवांत. बाथरूमच्या एका बाजूला भार पेलणारी भिंत आणि दुसऱ्या बाजूला बोळ, रुंदी वाढतच नाही. आणि दुसऱ्या पलंगाचा प्रश्न उरतोच.


गुंठेवारी
सोमवार, पहाटे ५:४०

ताई, मी वीस वर्षं इकडे घरांचे नकाशे काढतो. सविस्तर लिहितो, कारण हा घोळ दर महिन्याला कुणाच्या तरी घरी झालेला असतो.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करा. सूर्य बरोबर डोक्यावर असताना छपराची सावली जमिनीवर जेवढी पडेल, ते आच्छादन, इथला 'लॉट कव्हरेज'. आणि घरातल्या सगळ्या मजल्यांवर मिळून जेवढ्या चटया अंथरता येतील, ते चटई क्षेत्र, इथला 'एफएआर'. आपल्याकडे ज्याला एफएसआय म्हणतात तोच हा. वरच्या ४६० फुटांची नवी सावली पडत नाही, चटई मात्र पडते. पॅटिओचं उलटं आहे. त्याची सावली पडते, पण बाजू उघड्या असल्या तर बहुतेक ठिकाणी तो चटईत येत नाही. एक मर्यादा पाळली की झालं असं वाटतं, पण दोन्ही पाळाव्या लागतात आणि त्यांतली जी आधी संपेल ती तुमची खरी मर्यादा.

आता तुमचंच घर उचलून शेजारच्या गावांत ठेवून बघू. खोली धरून.

सनीवेल. दुमजली, म्हणून आच्छादन ४० टक्के, २,४००. तुमचं होतं २,५४०, म्हणजे १४० जास्त. चटई बघा. १,५०० अधिक ४२० अधिक ४६० अधिक ३२०, बरोबर २,७००, म्हणजे ४५ टक्के. तिथे ४५ टक्के किंवा ३,६०० चौ. फूट यांच्या वर गेलं की प्लॅनिंग कमिशनपुढे सुनावणी लागते. तुम्ही काठावर आहात, पण आत आहात. गॅरेज चटईत धरलेलं आहे हे विसरू नका, लोक इथेच चुकतात.

क्युपर्टिनो. आच्छादन ४५ टक्के, एकमजली असो वा दुमजली. चटईही ४५ टक्के. आणि वर ५ टक्के वेगळे, ते भिंतींनी न वेढलेल्या गोष्टींसाठी, म्हणजे छपराची वळचण, पोर्च, पॅटिओ. तुमचा पोर्च आणि पॅटिओ मिळून ३००, म्हणजे नेमके ५ टक्के. उरलेलं घर २,२४०, मर्यादा २,७००. चटई २,७००, मर्यादा २,७००. म्हणजे हेच घर, हीच खोली, हाच पॅटिओ रस्त्यापलीकडे आकड्यांच्या हिशेबात पूर्ण बसतं. तुमच्या मैत्रिणीला अडचण आली नाही ती यामुळे.

माउंटन व्ह्यू. तिथल्या एककुटुंबी वस्तीत चटईचं प्रमाण प्लॉट वाढला की कमी होत जातं. ५,००० चौ. फुटांपर्यंत ४५ टक्के, मग उतरत १०,००० ला ४० टक्के. ६,००० ला ४४ टक्के येतात, म्हणजे २,६४०. तुमची खोली ६० फुटांनी लहान करावी लागली असती.

पालो आल्टो. चटई पहिल्या ५,००० वर ४५ टक्के आणि त्यापुढच्या जमिनीवर ३० टक्के. तुमच्या प्लॉटला २,२५० अधिक ३००, एकूण २,५५०. दुमजलीला आच्छादन ३५ टक्के, म्हणजे २,१००. दोन्हीकडून अडलात. एकमजली घराला मात्र तिथे सगळी चटई जमिनीवरच पसरायची मुभा आहे.

लॉस आल्टोस. तिथे मुळात १०,००० चौ. फुटांचे प्लॉट हा पाया आहे. ११,००० पर्यंत चटई ३५ टक्के. आच्छादन घर २० फुटांपर्यंत उंच असेल तर ३५, त्याहून उंच असेल तर ३०. ६,००० वर हे लावलं तर चटई २,१००. म्हणजे तुमचं आजचं घरच २८० फुटांनी जादा ठरतं, नव्या खोलीचं नाव काढायलाच नको.

ही पाच गावं. एका सायकलफेरीत पाचही बघून होतात.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की किती टक्के हे विचारण्याआधी कशाचे टक्के हे विचारा. छप्पर? जोतं? फरशी? गॅरेज? आणि अर्ज कराल त्या दिवशी लागू असलेला कोड स्वतः वाचा. कुणाच्या तोंडचा आकडा घेऊन पाया खणू नका.


अंगणातली_तुळस
सोमवार, सकाळी ८:१५

गुंठेवारी दादांच्या शेवटच्या परिच्छेदाला माझी साक्ष. आम्ही क्युपर्टिनोहून साराटोगाला घर घेतलं. दलालाने सांगितलं, इथे ६० टक्के चालतं. मला वाटलं, केवढं मोकळं गाव! मुलांसाठी मागे बास्केटबॉलपुरतं काँक्रीट आणि स्वयंपाकघराबाहेर मोठा ओटा करायचा बेत होता.

घर घेतल्यावर कळलं की साराटोगात 'साइट कव्हरेज'मध्ये घरासोबत ड्राइव्हवे, पायवाट, पोहण्याचा तलाव, काँक्रीटची फरशी असं सगळं धरतात. पाणी ज्यातून मुरत नाही ते सगळं. आमच्या १०,००० चौ. फुटांच्या प्लॉटच्या विभागाला ६० टक्के, पण प्लॉट जसे मोठे होतात तसा टक्का उतरतो. ४०,००० च्या विभागाला ३५. आमचा ड्राइव्हवे लांबलचक आणि आधीच्या मालकांचा तलावही आहे, त्यामुळे बेताला जागाच उरली नव्हती. शेवटी ड्राइव्हवेचा एक पट्टा उखडून तिथे माती आणि खडी केली, तेव्हा मागचा ओटा मिळाला.

तेव्हा फार चिडले होते, खोटं कशाला सांगू. पण पहिल्या मोठ्या पावसात त्या पट्ट्यात पाणी मुरताना बघितलं आणि मन निवलं. आधी तेच पाणी वाहत रस्त्यावर जायचं.


चौकातला
सोमवार, सकाळी ९:३०
(पुण्याहून)

वाचतोय, उत्तम धागा. आमच्याकडे सगळी चर्चा एफएसआय, टीडीआर (बांधकामाचा हक्क दुसऱ्या जागी नेणं) आणि सामासिक अंतरांची असते. मुंबईत एफएसआय आला तो १९६४ च्या नियमावलीत, आणि साठ वर्षं आपण फक्त 'किती चढवायचं' हेच भांडतो आहोत. जमीन किती उघडी ठेवायची हा प्रश्न मागे पडतो.

एक अपवाद मला फार महत्त्वाचा वाटतो. मुंबईत मोठ्या प्लॉटवर १५ ते २५ टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी सोडायची असते. ती जमिनीवर न सोडता पार्किंगच्या पोडियमच्या गच्चीवर दाखवायची पद्धत पडली होती. १७ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ही किमान मोकळी जागा जमिनीवरच हवी. कुंडीतल्या मातीला जमीन म्हणता येत नाही, हे न्यायालयाला सांगावं लागलं.

आमच्या जुन्या वाड्यात तीन चौक होते. घर रस्त्याला चिकटून उभं, पण मध्ये आकाश होतं. तिथे मोकळी जागा घराच्या पोटात होती, तुमच्याकडे ती घराभोवती आहे. तुमच्या ६,००० चौ. फुटांचे साडेपाच गुंठे होतात हो. साडेपाच गुंठ्यांत ३२० फुटांना जागा नाही, हे इथून वाचताना खरंच पचत नाही.


कृष्णाकाठ
सोमवार, दुपारी १२:२०

पचत नाही हे समजू शकते, चौकातला. पण दुसरी बाजू मांडते.

आम्ही पालो आल्टोत आयकलरच्या वस्तीत राहतो. जोसेफ आयकलर या बिल्डरने १९४९ नंतर या भागात हजारो बसकी घरं बांधली. जवळपास सपाट छप्पर, जमिनीतून ऊब देणारी फरशी, आणि मागची पूर्ण भिंत काचेची. आमच्या जेवणाच्या टेबलावरून मागचं सगळं अंगण दिसतं. शेजारी दुसरा मजला चढला की त्याच काचेतून शेजाऱ्यांना आमचं जेवणाचं टेबल दिसतं. म्हणून इथल्या काही वस्त्यांनी स्वतः मागून एकमजली घरांचा विशेष नियम लावून घेतला. उंची १७ फूट, बस. त्यामुळेच एकमजली घराला चटईएवढं आच्छादन चालणं इथे गरजेचं आहे. वर जाता येत नाही, तर आडवं पसरू तरी द्यायला हवं.

दुमजलीला आच्छादन कमी का, याचं उत्तर त्यातच आहे. दोन मजले घेऊन शिवाय जमीनही भरली तर शेजाऱ्याच्या वाट्याला भिंतच येते. आमच्या दक्षिणेला तसं घर झालं असतं तर हिवाळ्यात माझ्या कढीपत्त्याला ऊन मिळालं नसतं. मी याला लहान गोष्ट मानत नाही.


कोठीघर
सोमवार, दुपारी १:०५

कृष्णाकाठ, कढीपत्त्याला ऊन हवंच. पण मी अकरा वर्षं इथे भाड्याने राहतेय, म्हणून मला हे टक्के वेगळे दिसतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२६ साली युक्लिड गावाच्या खटल्यात झोनिंगला, म्हणजे कुठल्या जमिनीवर काय आणि किती बांधायचं हे गावाने ठरवण्याला, मान्यता दिली आणि पुढे गावागावाने नियम लावले. एक प्लॉट, एक घर, एवढेच टक्के. प्रत्येक गावाला स्वतःपुरता नियम रास्त वाटला. पण सगळ्या गावांनी तेच केल्यावर या खोऱ्यात शिक्षिका, नर्स, पोळ्या करून देणाऱ्या मावशी राहणार कुठे? मला पोळ्या देणाऱ्या मावशी दूरच्या ट्रेसी गावाहून येतात.


गुंठेवारी
सोमवार, दुपारी २:३०

याच कारणाने राज्याने हात घातला, कोठीघर ताई. आणि तेच पारिजातक ताईंच्या उपयोगाचं आहे.

२०२० पासून लागू झालेल्या कायद्यांनी कॅलिफोर्नियातल्या गावांना बजावलं आहे की ८०० चौ. फुटांपर्यंतचं जोडघर, म्हणजे एडीयू, १६ फूट उंच आणि मागच्या-बाजूच्या हद्दीपासून ४ फूट आत असेल तर आच्छादन, चटई किंवा मोकळ्या जागेचा टक्का पुढे करून अडवता येणार नाही. मूळ घराला चिकटून बांधलं तरी चालतं. ७५० चौ. फुटांच्या आत असेल तर त्यावर विकासशुल्कही घेता येत नाही. गॅरेजचं एडीयू केलं तर गेलेल्या पार्किंगची भरपाई मागता येत नाही. २०२२ पासूनच्या एसबी ९ या राज्याच्या कायद्याने तर एककुटुंबी प्लॉटवर दोन घरं आणि प्लॉटची वाटणीही शक्य केली.

म्हणजे ताई, ज्या गावात तुमची ३२० फुटांची खोली बसत नाही, त्याच गावात त्याच जागी ८०० फुटांचं एडीयू बसतं. फक्त त्याला स्वतंत्र प्रवेश आणि स्वतःचं स्वयंपाकघर हवं.


निवांत
सोमवार, दुपारी २:४४

प्रश्न सुटला की मग! छोटा ओटा आणि सिंक टाकायचं.


पारिजातक
सोमवार, रात्री ९:५०

सगळ्यांचे मनापासून आभार. गुंठेवारी दादा, तुमचा प्रतिसाद छापून आम्ही जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि एकेक आकडा स्वतः मांडून पाहिला. सगळे जुळले.

एडीयूचं नवऱ्याला एकदम पटलं. मी उत्साहाने आईंना सांगायला गेले. "आई, तुमचं स्वतंत्र घरच होईल. वेगळं दार, छोटं स्वयंपाकघर, सगळं तुमचं." त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "म्हणजे माझी चूल वेगळी मांडताय का?"

मंडळी, माझ्याकडे उत्तर नव्हतं. कायद्याच्या दृष्टीने ते स्वयंपाकघर म्हणजे घराची व्याख्या. पण ज्या बाईने ठाण्यात दोन खोल्यांच्या घरात तीन दीर, दोन नणंदा आणि सासू-सासरे एका चुलीवर सांभाळले, तिला मी काय समजावणार? त्या आता चुलीजवळ उभ्याही राहू शकत नाहीत. तरी सकाळी वॉकर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसतात आणि शेंगा सोलतात. वेगळ्या घरात त्या कुणाच्या दारात बसतील?

तेव्हा एडीयू नको. आईंना त्याच घरातली खोली हवी आहे. आणखी काही वाट आहे का? व्हेरियन्स, म्हणजे नियमातून सूट, मागता येईल का?


कोठीघर
सोमवार, रात्री १०:०२

ताई, वाचून डोळ्यांत पाणी आलं. मी दुपारी एडीयूच्या बाजूने मान डोलावत होते. ही बाजू माझ्या लक्षातच आली नव्हती.


सनदशीर
मंगळवार, सकाळी ७:२०

व्हेरियन्सच्या वाटेला जाऊ नका. तो जमिनीच्या वैशिष्ट्यासाठी असतो. प्लॉट त्रिकोणी आहे, उतार आहे, मधून ओढा जातो, त्यामुळे इतरांना मिळतं ते मला मिळत नाही, असं दाखवावं लागतं. तुमचा ६० बाय १०० चा सरळ चौकोन आहे. घरात कोण राहतं आणि त्यांना काय होतं हे त्यात बसत नाही.

तुमच्यासाठी दुसरा दरवाजा आहे, त्याचं नाव 'रीझनेबल अकॉमोडेशन'. १९८८ च्या दुरुस्तीनंतर संघराज्याच्या फेअर हाउसिंग कायद्यात अपंगत्व आलं, आणि त्यानुसार अपंग व्यक्तीला घराचा बरोबरीने उपभोग घेता यावा म्हणून गावाने आपल्या नियमात वाजवी सवलत द्यायची असते. झोनिंगचे नियमही त्यात येतात. कॅलिफोर्नियातल्या गावांकडे यासाठी अर्जाची पद्धत असते. डॉक्टरांचं पत्र लागतं. त्यात आजाराचा इतिहास नको. या व्यक्तीला चालण्याची मर्यादा आहे आणि म्हणून अमुक रुंदीची, तळमजल्यावरची जागा आवश्यक आहे, हा संबंध स्पष्ट हवा. सवलत हमखास मिळेल असं नाही, तुमची मागणी गरजेशी नेमकी बांधलेली असली पाहिजे. ३२० हाच आकडा का, हे पलंग, वॉकर आणि वळण्याची जागा काढून नकाशावर दाखवा.


गुंठेवारी
मंगळवार, सकाळी ८:४५

सनदशीर यांना पूर्ण अनुमोदन. ही वाट खरोखर आहे आणि आपल्या लोकांना माहीत नसते. मागायला लाजतात.

पण ताई, मी काल रात्री पुन्हा तुमचे आकडे घेऊन बसलो. त्या २४० च्या पॅटिओवरचं छप्पर काढलं तर? फरशी राहू द्या, खांब आणि छप्पर उतरवा. १,५०० अधिक ४२० अधिक ६०, म्हणजे १,९८०. खोलीचे ३२० मिळवले की २,३००. मर्यादा २,४००. शंभर फूट शिल्लक! चटई २,७०० ला टेकतेच, तिला पॅटिओचा संबंध नाही. तुम्हाला ना सवलत लागेल, ना सुनावणी.

मागच्या अंतराचं बघा फक्त. सनीवेलमध्ये मागे २० फूट सोडायचे असतात, पण एकमजली वाढीव भाग हद्दीपासून १० फुटांपर्यंत नेता येतो, जर त्या २० फुटांच्या पट्ट्याचा चौथ्या हिश्शाहून जास्त भाग झाकला जात नसेल तर. तुमचा पट्टा ६० गुणिले २०, म्हणजे १,२००, त्याचा चौथा हिस्सा ३००.

आणि हो, मोजताना सगळं मोजा. बागेतली पत्र्याची शेड असेल तर तीही. सगळी छपरं उघड लिहून दिली की तपासणाऱ्याचं काम सोपं होतं आणि तुमचंही.


अंगणातली_तुळस
मंगळवार, सकाळी ९:१०

पाण्याचंही विचारून ठेवा ताई. बे एरियात एककुटुंबी घराच्या कामात २,५०० चौ. फूट किंवा जास्त न मुरणारा भाग नव्याने होत असेल किंवा बदलत असेल तर पावसाच्या पाण्यासाठी काहीतरी उपाय दाखवावा लागतो. तुमचं काम त्याहून बरंच लहान आहे. तरी नव्या छपराचा पन्हळ नळीने रस्त्याकडे न नेता बागेत सोडा.


निवांत
मंगळवार, सकाळी ९:३५

मालमत्ता कराची काळजी असेल तर, १९७८ च्या प्रोपोझिशन १३ मुळे नवं मूल्यांकन फक्त वाढवलेल्या भागाचं होतं. जुन्या घराचं मूल्यांकन नव्याने होत नाही. घर विकून होमस्टेड रोडच्या पलीकडे जाण्यापेक्षा हे कितीतरी परवडेल.


चौकातला
मंगळवार, सकाळी ११:००

छपराविना पॅटिओ म्हणजे अंगणच की. मला हा उपाय फार आवडला.


पारिजातक
शनिवार, संध्याकाळी ६:४०

चार दिवस लिहू शकले नाही, माफ करा. आता सगळं सांगते.

पॅटिओचं वाचलं तेव्हा माझाच जीव खाली-वर झाला. त्या छपराच्या तुळईला आईंचा झोपाळा टांगलेला आहे. ठाण्याच्या घरातल्या झोपाळ्याच्या पितळी कड्या त्यांनी सामानातून आणल्या होत्या आणि नवऱ्याने सागाची फळी शोधून तो बांधला. संध्याकाळी चारला त्या तिथे बसतात. पायाला हलका झोका देतात, डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम म्हणूनही. त्यांची खोली मिळवायला त्यांचाच झोपाळा काढायचा, हे त्यांना सांगायचं कोणी?

शेवटी मीच सांगितलं. गुंठेवारी दादांचा कागद समोर ठेवला, सगळे आकडे वाचून दाखवले. आईंनी चष्मा लावला आणि बेरीज स्वतः केली. त्या पोस्टात होत्या, हिशेब त्यांना दुसऱ्याचा चालत नाही. मग म्हणाल्या, "छप्पर काढा. जर्दाळूखाली काय वाईट आहे?"

आमच्या मागच्या कोपऱ्यात जर्दाळूचं जुनं झाड आहे. ही सगळी वस्ती होण्याआधी या खोऱ्यात जर्दाळू आणि प्रूनच्या बागाच बागा होत्या. आमचं झाड त्यातलं आहे की नंतर कुणी लावलं ते ठाऊक नाही, पण खोड दोन्ही हातांत मावत नाही. गुंठेवारी दादा, तुम्ही सांगितल्याप्रमाणे मोजलं. नवी खोली मागच्या पट्ट्यात आठ फूट शिरते, सोळा फूट रुंदीने, म्हणजे १२८. झाडाला धक्का लागत नाही. आणि बागेतली शेड आम्हीही विसरलो होतो! बाजू उघड्या म्हणून चटईत नाही, पण आच्छादनात ८० चौ. फूट निघाली. २,३०० अधिक ८०, म्हणजे २,३८०. वीस फूट शिल्लक. शेड मागच्या पट्ट्यातच आहे, तिथेही २०८ झाले, ३०० च्या आत.

झोपाळ्यासाठी लोखंडी चौकट करून घेतोय, सुट्टी उभी राहणारी. सनीवेलच्या परवाना काउंटरवर नकाशा दाखवून विचारलं. छप्पर नसलेली चौकट आच्छादनात धरत नाहीत. कड्या त्याच लावायच्या आहेत.

सनदशीर, तुमचा सल्ला वाया गेलेला नाही. पुढच्या दाराला दोन पायऱ्या आहेत आणि तिथे उताराचा रॅम्प करायचा तर तो पुढच्या मोकळ्या अंतरात येतो. त्यासाठी डॉक्टरांचं पत्र मागवलं आहे. मागायला लाजायचं नाही हे तुमच्यामुळे कळलं.

आईंच्या खोलीचं दार स्वयंपाकघराच्या दारासमोर येईल असं नकाशात बदललं. तीन फूट रुंद. शेंगा सोलायला त्यांना आता उठून यावंही लागणार नाही, आणि आल्या तर वॉकर अडणार नाही. सोमवारी अर्ज भरतोय.


कृष्णाकाठ
शनिवार, संध्याकाळी ७:१५

जर्दाळूच्या मुळांपासून पाया किती लांब ठेवताय? खोड एवढं जाड आहे तर मुळं फांद्यांच्या घेराच्याही बाहेर गेली असतील. खणण्याआधी झाडाच्या जाणकाराला एकदा दाखवा. उन्हाळ्यात खणलं तर त्या बाजूला पाणी द्यायला विसरू नका.


गुंठेवारी
शनिवार, रात्री ८:०५

अगदी बरोबर. ताई, त्या बाजूला सलग पाया न घेता खांबांवर जोतं उचलता येईल, मुळं तोडावी लागणार नाहीत. फक्त जोतं उंच झालं तर दाराशी पायरी येईल आणि वॉकर अडेल, म्हणून तुळई आतल्या फरशीच्या पातळीखाली बसवायला सांगा. नकाशाचा तो भाग इथे टाका, सोमवारच्या आत बघून देतो.


पारिजातक
शनिवार, रात्री ८:२०

टाकते लगेच. नवरा टेप घेऊन झाडाखाली गेलाय, आई झोपाळ्यावरून आकडे लिहून घेतायत.